फोटो : साभार

मराठी चित्रपटसृष्टीच्या इतिहासातलं एक सत्य मी इतकी वर्षं एकट्याने जपून ठेवलं आहे, आणि ते आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

वाक्य जरा भारदस्त झालं. असू दे — पुढे उतारच आहे. सत्य एवढंच की मी एका मुलीशी फोनवर खोटं बोललो. एका शब्दाचं खोटं. हे बायकोला सांगितलेलं नाही, कारखान्यातल्या मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर फारसं आश्चर्य वाटणार नाही.

पण त्या शब्दावर एकदम जाता येत नाही मला. आधी वेशवीकर सांगावे लागतील.

रामनाथ वेशवीकर हे नाव तुम्हाला आठवणार नाही. चेहरा मात्र दाखवला तर लगेच म्हणाल, अरे हा होय! जुन्या ग्रामीण चित्रपटांत पाटलाच्या मागे जो उभा असतो, पाटील हसला की हसतो आणि मध्यंतराच्या आत मरतो, तो माणूस म्हणजे वेशवीकर. मी त्यांचा भक्त. नायक काय, सगळ्यांनाच आवडतात. उपेक्षिताला ओळखणं हे खऱ्या रसिकाचं लक्षण, असं मी चारचौघांत म्हणायचो. खरं कारण वेगळं असावं. जिथे रांग छोटी, तिथे पहिला नंबर लवकर लागतो.

तर मी त्यांची वेबसाइट काढली. ‘वेशवीकर चित्रदालन’. नाव मीच ठेवलं. मोरिवलीच्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत दिवसभर छटा जुळवायच्या आणि अंबरनाथच्या घरी येऊन दालन सजवायचं. उल्हासनगरचं एक थिएटर बंद पडलं तेव्हा त्याच्या बाहेरच्या काचेच्या कपाटात लावलेले फोटो मी भंगारवाल्याकडून उचलून आणले होते. चित्रपटातलेच प्रसंग, कंपनीने जाहिरातीसाठी छापून वाटलेले. भंगारवाला सिंधी. तो म्हणाला, “साईं, फ्रेम ले जाओ, लकड़ी अच्छी है. इस कचरे का क्या करोगे?” मी त्याच्याकडे दयेने पाहिलं. मला दयेने बघायला फार आवडतं.

हे फोटो साइटवर चढले आणि लोक ते उचलायला लागले. व्हॉट्सॲपवर, दिवाळी अंकात, कुणाच्या तरी श्रद्धांजलीत. मला याचा संताप आला. मग मी प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात शिक्का मारला : ‘वेशवीकर चित्रदालन — परवानगीशिवाय वापरू नये.’ कुणाची परवानगी? माझी. चित्रपट कंपनीचा, चेहरा वेशवीकरांचा, फोटो काढणारा कोण ते माहीत नाही, फ्रेम थिएटरची — आणि परवानगी माझी. यात काही विनोदी आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्यातल्या कुणालाच वाटत नसे. जुन्या चित्रपटांच्या वेडात पडलेली आम्ही सगळी मंडळी दुसऱ्याचा माल उचलायचो, त्यावर आपलं नाव घालायचो आणि तिसऱ्याने उचलला की त्याला चोर म्हणायचो. फारच लाज वाटली तर खाली ‘साभार’ लिहायचो. कुणाचे आभार? ते लिहायची पद्धत नव्हती.

आता प्रज्ञा.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणारी, मुंबईत विमा कंपनीत नोकरी करणारी मुलगी. मुलगी म्हणतो, पण तेव्हाही तिशीची असेल. तिने फेसबुकवर एक पेज काढलं. नाव साधं — ‘बाबांचे फोटो’. तिचे वडील सुदाम भालेराव. हयात उल्हासनगरच्या एका फोटो स्टुडिओत गेली. लग्नं, बारशी, चौदा एप्रिलच्या मिरवणुका. तरुणपणी वांगणीच्या शेतांत एका चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं, तेव्हा हे स्वतःचा जुना कॅमेरा घेऊन सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसायचे. कंपनीने बोलावलं नव्हतं. युनिटमधल्या कुणीतरी हटकलं नाही, एवढंच.

आणि त्यांनी काय टिपलं होतं! प्रसंग नव्हेत, प्रसंग संपल्यानंतरचे लोक. बांधावर चप्पल उशाला घेऊन झोपलेली नायिका. चिकटवलेल्या मिशा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने भाकरी खाणारा पाटील. आणि वेशवीकर — विग काढून मांडीवर ठेवलेला, मांजर बसावं तसा, हातात चहाचा ग्लास, टक्कल उन्हात चमकतंय, आणि चेहऱ्यावर ते हसू जे पडद्यावर मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाटील हसल्याशिवाय आलेलं हसू.

प्रत्येक फोटोखाली प्रज्ञा लिहायची : ‘फोटो : बाबा.’

मी त्यांच्या घरी जाऊन आलो. मूळ छापे पाहिले, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते. सुदामरावांनी एकेक हातात दिला. विगवाल्या फोटोची गोष्ट सांगितली — वेशवीकर म्हणाले होते, “विग काढल्यावर काढ रे. आईला पाठवायचाय. विगमध्ये तिला मी ओळखू येत नाही.” मी मान डोलावली. भारावलो होतो. हे मी मुद्दाम सांगतोय. म्हणजे ते फोटो कुणाचे हे मला ठाऊक नव्हतं, असं मला पुढे कुठेच म्हणता येऊ नये.

घरी आलो आणि तिच्या पेजवरून ते सगळे फोटो उतरवून घेतले. माझ्या दालनात लावले. उजव्या कोपऱ्यात शिक्का मारला. खाली लिहिलं : ‘फोटो : साभार.’

तिचा फोन आला. “सर, बाबांचं नाव टाकाल का खाली? त्यांना बरं वाटेल.” भांडली नाही. मी म्हणालो, “बघतो.” हे ‘बघतो’ म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पण तो एक शब्द हा नव्हे. तो पुढे आहे.

नंतर उल्हास नदीला पूर आला आणि हेंद्रेपाड्यातली तळमजल्याची घरं पाण्याखाली गेली. भालेरावांचंही. डबा गेला, निगेटिव्ह गेल्या, प्रज्ञाचा कॉम्प्युटर आणि फोन गेला. गाळ उपसून झाल्यावर तिने पेजवर लिहिलं, ‘घरात काही उरलं नाही. पण बाबांचे फोटो इथे कोरडे आहेत.’ लोकांनी हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पाडला. मीही जोडले. उतरवून ठेव गं बाई, असं कुणी तिला सुचवलं नाही. नेटवर आहेत म्हणजे आहेत, असंच आपण सगळे समजतो.

मग अंबरनाथचा तो कार्यक्रम. वांगणीला शूटिंग झालेला तो चित्रपट एका मोठ्या कंपनीने हक्कांसकट विकत घेतला होता, धुऊन-पुसून नव्याने दाखवणार होती. त्यानिमित्त इथल्या एका सांस्कृतिक मंडळाने सोहळा ठेवला. सोहळ्यांबद्दल माझी मतं प्रसिद्ध आहेत. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह — मी यावर खूप लिहिलं आहे, लोकांना हसवलं आहे. त्या दिवशीच्या बॅनरवर वेशवीकर पासपोर्ट आकाराचे होते आणि नगरसेवक पूर्ण उंचीचे, यावरही मी शेजारच्याला हसवलं. तिसऱ्या रांगेत बसून. इस्त्रीच्या कुर्त्यात. खिशात चार मिनिटांच्या भाषणाचा कागद होता, तो काही मी शेजारच्याला दाखवला नाही.

सूत्रसंचालक म्हणाला, “आता आपण अशा व्यक्तीचा सत्कार करणार आहोत, जिने वेशवीकरांना आपल्यासाठी जिवंत ठेवलं —” आणि मी — सांगतो, लपवून काय करू — मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. उठायला सोपं जावं म्हणून.

नाव सुदाम भालेरावांचं निघालं.

म्हातारा लाजत वर गेला. शाल खांद्यावरून घसरत होती, ती एका हाताने धरून माइकसमोर म्हणाला, “मी काय केलं? ते हसले, मी बटन दाबलं.” टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. शेजारचा म्हणाला, “तुमचं पण काम आहे की हो वेशवीकरांवर.” त्यात काही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चहाच्या वेळी कंपनीचा माणूस एकटाच उभा होता. अंधेरीहून आलेला, तरुण, नम्र, फोनमधून मान वर न काढणारा. वर सभागृहातलं मराठी त्याच्या कानावरून गेलं असावं. मी स्वतःहून त्याच्याकडे गेलो. नुसतं बोलायला? नाही. काय बोलायचं ते जिना उतरतानाच ठरलं होतं. मी त्याला म्हणालो की तुमच्या चित्रपटाचे फोटो लोक नेटवर सर्रास वापरतात, तुमच्याकडे कुणी लक्ष देत नाही का? आणि माझ्या फोनवर प्रज्ञाचं पेज उघडून धरलं.

“ये कौन लोग हैं, सर?”

“हैं इधर के ही,” मी म्हणालो. “हौशी लोग.”

त्याने अंगठ्याने फोटो वर सरकवले. विगवाल्यावर थांबला. “अच्छा है ये. सेट का ही है ना?”

“सेट का ही है.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. फोटो सेटवरचाच होता. कुणी काढला, कुणाच्या कॅमेऱ्याने काढला, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खोटं न बोलता माणसाचा गळा कापता येतो, हे मला त्या चहाच्या टेबलाशी कळलं. तो म्हणाला, “थँक यू सर, आप जैसे लोग बताते हैं तो पता चलता है.” मला — काय सांगू — सत्कार झाल्यासारखं वाटलं.

पुढचं यंत्रासारखं झालं. कंपनीने तक्रार केली आणि प्रज्ञाचं पेज गेलं. कंपनी इतकी न्यायी की माझं दालनही सोडलं नाही. मला वकिलाची नोटीस आली. उजव्या कोपऱ्यातल्या शिक्क्यामुळे शोधायला त्रास पडला नसणार, प्रत्येक फोटोवर मीच माझा पत्ता देऊन ठेवला होता. आणखी चार-पाच जणांच्या साइट बंद झाल्या. आमच्या ग्रुपवर क्रांतीची भाषा सुरू झाली. कलेचा वारसा, भांडवलशाही, चाहत्यांचा गळा. सर्वांत जळजळीत मजकूर माझा होता. नोटीस मिळाल्यावर दालन मी तासाभरात बंद केलं, ते मात्र त्यात लिहिलं नाही.

आता तो शब्द.

प्रज्ञाचा फोन आला. मी कारखान्यातून बाहेर पडत होतो. आवाज शांत होता, शांत ठेवलेला. म्हणाली, “सर, फेसबुकवाले ऐकत नाहीयेत. म्हणतात, फोटो तुमचे असतील तर मूळ दाखवा. मूळ कुठून दाखवू? सगळ्यांना विचारलं, कुणी सेव्ह केले नाहीत. शेअर केलेले पण सगळ्यांचे गायब झालेत. तुमच्या साइटवर बाबांचे होते ना. तुमच्याकडे असतीलच, नाही का?”

माझ्याकडे होते. शिक्क्याचे होते आणि शिक्का मारण्याआधीचे, तिच्या पेजवरून उतरवलेले, स्वच्छ, तेही होते. घरच्या कॉम्प्युटरवर, आणि खोटं कशाला बोलू, फोनवरसुद्धा. ज्या फोनवर ती बोलत होती त्याच फोनवर.

मी म्हणालो, “नाहीत.”

का? मी बरीच कारणं करून पाहिली आहेत. कंपनीची भीती म्हणावी, तर घरातल्या घरात एखाद्याला फोटो द्यायला कोण विचारणार होतं? शिक्क्याची लाज म्हणावी, तर स्वच्छ प्रती होत्याच. एकेक कारण हातात घेऊन पाहतो आणि ते भिजलेल्या कागदासारखं फाटतं. शेवटी जे उरतं ते फार क्षुद्र आहे. मला वाटलं, शाल त्यांच्याकडे आहे. फोटो तरी माझ्याकडे असू देत.

ती म्हणाली, “असू दे सर. तुमचं पण किती नुकसान झालं.”

ती माझं सांत्वन करत होती.

काही महिन्यांनी सुदामरावांना अर्धांगाचा झटका आला. आजाऱ्याला बघायला जावं लागतं. मी सफरचंदं घेऊन गेलो. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ तशीच होती, तिच्या वर बाबासाहेबांची नवी तसबीर, आणि खाली कॉटवर ते. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. मला ओळखलं. डाव्या हाताने मांडीवर काहीतरी गोल दाखवलं, कुरवाळल्यासारखं केलं. मला लगेच कळलं.

“विग,” ते म्हणाले. “तो… गेला कुठं?”

“रोज विचारतात,” प्रज्ञा म्हणाली. मग त्यांच्याकडे वाकून, जरा मोठ्याने, “बाबा, सरांकडे पण नाहीये तो. सरांचं पण सगळं गेलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चांगला असलेला हात माझ्या हातावर ठेवला. थोपटल्यासारखं केलं. माझ्या नुकसानीबद्दल. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. ते हात लावू शकले असते इतक्या जवळ. तेव्हा काढून दाखवला असता तर? म्हणता आलं असतं, अहो, सापडला. आत्ताच सापडला. आणखी एक खोटं, पण चांगलं. सुचलं नाही असंही नाही. सुचलं. प्रज्ञाने चहा आणला, बशीत दोन बिस्किटं होती. मी दोन्ही खाल्ली आणि निघालो.

पाऊस सरता सरता सुदामराव गेले. मी शोकसभेत बोललो. चांगलं बोललो, असं लोक म्हणाले.

यंदा तो चित्रपट मोबाइलवर आला, धुतलेला, पुसलेला, रंग मूळच्यापेक्षा गडद. मी पाहिला नाही. एका सकाळी प्रज्ञाचा मेसेज आला. ॲपवर चित्रपटाच्या नावाशेजारी जे चित्र दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट तिने पाठवला होता. वेशवीकर, मांडीवर विग, हातात चहा. कंपनीला सगळ्या फोटोंत तेवढंच एक माणसासारखं दिसणारं सापडलं असावं. खाली तिने लिहिलं होतं, ‘सर, बाबांचा एक तरी फोटो परत मिळाला.’

मी चित्र मोठं करून पाहिलं. तिनेही केलं असणार, करणारच ना?

त्या दिवशी मी सगळे फोटो तिला पाठवले, स्वच्छ प्रती. सोबत काहीच लिहिलं नाही. लिहायला काही होतं का? संध्याकाळी तिचं उत्तर आलं : ‘मिळाले.’ आधी तिच्या प्रत्येक मेसेजात ‘सर’ असायचं.

मधल्या काळात एक माणूस रोज एक फोटो मागत होता आणि तो न बघता गेला. हे फोटो पाठवून पुसलं जात नाही, आणि लिहूनही नाही. मी ते पुसायला लिहिलेलं नाही.

कंपनीच्या चित्राचा उजवा कोपरा त्यांनी घाईघाईने धूसर केला आहे. पण मोठं करून पाहिलं तर माझ्या शिक्क्यातलं ‘वापरू नये’ एवढं अजून वाचता येतं.